समन्वयकपद मिळालं, अधिकार मिळाला नाही

पत्र

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवते. सहयोगी प्राध्यापक आहे. गेल्या वर्षी कुलगुरूंनी आंतरविद्याशाखीय संशोधन आणि नवोपक्रम केंद्र काढलं आणि समन्वयक म्हणून माझ्या नावाची ऑर्डर निघाली. पहिला प्रकल्प मीच सुचवला: बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड. रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, समाजकार्य आणि स्थापत्य अभियांत्रिकी असे चार विभाग त्यात आहेत. विद्यापीठाने बीजनिधी दिला, उद्घाटन झालं, फोटो झाले. पुढे काहीच हललेलं नाही. बैठकीला विभागप्रमुख येतात, काम करणारे येत नाहीत. रसायनशास्त्राच्या सरांचं म्हणणं, समाजकार्यवाल्यांनी गावात जाऊन प्रश्नावली भरून आणावी, बाकी आम्ही बघतो. समाजकार्याच्या मॅडम मला तोंडावर म्हणाल्या, "आम्ही तुमचे सर्वेअर नाही." पाण्याचे नमुने एका विभागाच्या फ्रीजमध्ये पडून आहेत आणि प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे राहणार यावर पत्रव्यवहार चालू आहे. एक हुशार विद्यार्थिनी दोन विभागांत मिळून पीएच.डी. करायला तयार होती. "हा विषय आमच्यात बसत नाही" असं तिला दोन्हीकडून ऐकावं लागलं. मला तासिकांत सूट नाही, क्लार्क नाही. कुलगुरूंना मात्र नॅकच्या मूल्यांकनाआधी पाच पेटंट आणि एक स्टार्टअप हवाय. या माणसांची मनं कशी जुळवायची? की राजीनामा देऊन गुपचूप आपल्या खडकांकडे परत जाऊ?

— एक समन्वयक (नाव, गाव न छापण्याच्या विनंतीसह)

उत्तर

मॅडम, मनं जुळवण्याच्या भानगडीत पडूच नका. तुमच्या पत्रातली सगळी माणसं मला शहाणी दिसतात. आपापला हिशेब त्यांनी नीट केलेला आहे. तो तुम्ही अजून केलेला नाही, म्हणून तो आधी करू.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतला संशोधन गुणांचा तक्ता काढा. विज्ञान शाखेच्या शिक्षकाला एका शोधनिबंधाचे ८ गुण, मानव्य आणि सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाला १०. इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे नियतकालिकाच्या वजनाची, भर सध्या बाजूला ठेवू. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनापेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. आता तुमच्या प्रकल्पातून चार विभागांचा मिळून एक निबंध निघाला आणि पहिलं नाव रसायनशास्त्राच्या सरांचं पडलं, असं धरा. सरांना ५.६. तुम्हाला २.४. समाजकार्याच्या मॅडमना ३. दोन वर्षं उन्हातान्हात गावं पालथी घालायची आणि ३ गुण घ्यायचे. त्याच वेळात खोलीत बसून एकटीने लिहिलेल्या निबंधाला १०. प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी किमान ११० संशोधन गुण लागतात. "आम्ही तुमचे सर्वेअर नाही" या वाक्यामागे अपमान असेलच, पण हे गणितही आहे, आणि गणिताला समजूत घालून उत्तर देता येत नाही.

तेव्हा पहिलं काम असं, की प्रकल्पातून निघू शकणाऱ्या निबंधांची यादी आत्ताच करायची, एकही नमुना तपासण्याआधी. एक निबंध फ्लोराइड कोणत्या खडकातून आणि किती खोलीवर येतं याचा. तिथे पहिलं नाव तुमचं. एक फ्लोराइड शोषून घेणाऱ्या पदार्थाचा, तिथे सरांचं. एक गावातली पाण्याची व्यवस्था कोण चालवतं, पैसे कोण देतं, बायका कोणत्या बोअरचं पाणी प्यायला नेतात आणि कोणत्या बोअरचं भांड्यांना, याचा. तिथे मॅडम पहिल्या आणि बाकी कुणाचं नाव हवंच असेल तर एखादंच. एक फ्लोराइड काढणाऱ्या चालत्या संयंत्राचा, स्थापत्यवाल्यांचा. आणि शेवटी चौघांचा मिळून एक. प्रत्येकापुढे पहिला लेखक, पत्रव्यवहाराचा लेखक (निबंधाबद्दल नियतकालिकाशी आणि वाचकांशी बोलणारा), आणि कोणती माहिती कोणाच्या परवानगीने वापरायची, हे लिहायचं. दोन पानांत बसतं. चौघांच्या सह्या घ्या. हे पान मागताना संकोच वाटेल, "आपल्यात कशाला लिखापढी" असं कुणीतरी म्हणेलच. बहुधा ज्याचं नाव न लिहिताही पहिलं येणार असतं, तोच असं म्हणतो.

एक लक्षात ठेवा. रसायनशास्त्रात शेवटचं नाव मार्गदर्शकाचं आणि मानाचं. तुमच्या समाजकार्याच्या मॅडमना शेवटचं नाव म्हणजे उरलेलं नाव वाटेल. अर्थशास्त्रवाला पुढेमागे आलाच तर तो आडनावांच्या वर्णक्रमाने नावं लावू म्हणेल. कुणीच लबाडी करत नसतं, चालीरीती वेगळ्या असतात. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरच्या हाडांतल्या डीएनएचा निबंध २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला, तो आठवा. ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एकाच व्यक्तीचा जनुकसंच हाती लागला. प्रयोगशाळेतलं काम अफाट होतं, जनुकशास्त्रातली मोठी नावं त्यात होती. तरी पहिले लेखक उत्खनन करणारे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे, आणि पत्रव्यवहाराच्या लेखकांत पुराविदही होते, जनुकशास्त्रज्ञही. निष्कर्षांवर पुढे रण माजलं ते माजलं. पण हाडं पुरवणारा तळटीपेत गेला नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमचा प्रकल्प खरा इथे अडलाय. तुम्ही प्रकल्पाचा प्रश्न पत्रात लिहिलेला नाही, नुसता विषय लिहिलाय. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड हा विषय झाला. त्याचा प्रश्न बैठकीत न ठरता आपोआप ठरला, आणि तो सरांचा ठरला: कोणता पदार्थ फ्लोराइड जास्त शोषतो? या प्रश्नात समाजकार्याला प्रश्नावलीपलीकडे जागाच नाही. सर उर्मट आहेत म्हणून असं घडलं असं नाही. प्रश्नाचा आकारच तसा आहे.

फ्लोराइड काढता येतं का, याचं उत्तर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात देऊन ठेवलंय. नलगोंडा पद्धत: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तिथपर्यंत पाणी आणणं रसायनशास्त्राला नवं नाही. तरी नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गावांत पोरांच्या दातांवर तपकिरी डाग आजही दिसतात. तुरटीचं रोजचं माप कोण घालणार? पाण्याचा अल्कपणा बदलला की माप बदलतं, हे त्याला कोण सांगणार? फ्लोराइड आणि ॲल्युमिनियमने भरलेला गाळ कुठे टाकायचा? शोषकाचं फिल्टर असेल तर ते संपलं हे कळणार कसं, कारण फ्लोराइडला ना चव ना वास? दुरुस्तीचा खर्च ग्रामपंचायत कोणत्या निधीतून काढणार?

तुमचा प्रश्न असा मांडून बघा: बसवलेलं फ्लोराइडचं संयंत्र बंद का पडतं, आणि बंद न पडणारं कसं असेल? लगेच समाजकार्याच्या मॅडम प्रश्नाच्या मालकीण होतात. शोषक पदार्थ कोणत्या अटी पाळणारा हवा, हे गावातून आलेल्या माहितीवर ठरतं आणि सरांना काम तिथून मिळतं. तुम्ही सांगता की संयंत्राची गरजच कुठे नाही, कारण शेजारच्या उथळ विहिरीचं पाणी चांगलं आहे. स्थापत्यवाल्यांना नळजोडणीचा हिशेब करावा लागतो. कोणताही एक विभाग गळला तर उत्तर अर्धं राहील, असा प्रश्न सापडेपर्यंत थांबायला हरकत नाही. तो सापडला की बैठकीला माणसं बोलवावी लागत नाहीत. आणि विभागप्रमुखांना बोलावणं तर तुम्ही आजपासूनच बंद करा. त्यांना इतिवृत्त पाठवा, मान द्या, चहा द्या. बैठक काम करणाऱ्यांची.

याचा आपल्याकडचा एक जुना आणि सुंदर दाखला इनामगावचा आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जवळजवळ दीड दशक उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं पुरातत्त्वातली. पण जळालेले दाणे वनस्पतीवाल्याने ओळखले, जनावरांची हाडं प्राण्यांच्या अभ्यासकाने, माणसांचे सांगाडे आणि दात मानवशास्त्रज्ञांनी वाचले. "तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं कशी जगत होती आणि गाव का उठलं" हा प्रश्नच असा, की खापरं बघून सुटत नाही. आधीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं, नंतर लहान गोल झोपड्या. शेती घटली, शिकार वाढली. त्यावरून ढवळीकरांनी पाऊसमान घटल्याचा तर्क मांडला. तो सगळ्यांना पटला असं नाही. पण तर्कासाठी लागणारा पुरावा चार शास्त्रांतून आला होता. आणि एक व्यवस्थापकीय तपशील फार मोलाचा: यांतले बरेचसे अभ्यासक पुरातत्त्वाच्याच छपराखाली नोकरीला होते. वनस्पतीवाल्याला वनस्पतिशास्त्र विभागाची रजा काढून यावं लागत नव्हतं. तुमच्याकडे ती चैन नाही, म्हणून तुम्हाला कागद जास्त लागणार.

कागदांत सर्वांत महत्त्वाचा तुमच्या विद्यार्थिनीचा. इथे मी तुम्हाला जरा थांबवणार आहे. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत आंतरविद्याशाखीय विषयासाठी विभागाबाहेरचा, अगदी विद्यापीठाबाहेरचाही सहमार्गदर्शक घेता येतो. तेव्हा "बसत नाही" हे उत्तर नियमात बसत नाही. ते का येतं? प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगीकडे ६, सहायककडे ४ विद्यार्थी, ही मर्यादा आहे. आपली एक जागा दुसऱ्याच्या विषयावर का खर्च करा, हा विचार. त्यावर उपाय निघेल: मुख्य मार्गदर्शक तुम्ही व्हा. पण मुलीचं पुढचं बघा. पाच वर्षांनी ती महाविद्यालयाच्या मुलाखतीला जाईल, तेव्हा छाननी समितीतला कुणीतरी तिची पदव्युत्तर पदवी, सेट-नेटचा विषय आणि पीएच.डी.चा विषय एका ओळीत आहेत का, हे बोट ठेवून बघेल. जुळलं नाही तर पात्रता-अपात्रतेचा खल सुरू होईल आणि तुमचं केंद्र तेव्हा तिच्या बाजूने उभं राहायला जागेवर असेलच असं नाही. म्हणून नोंदणी तिच्या मूळ विषयातच करा. शीर्षकात त्या विषयाचा शब्द ठसठशीत येऊ द्या. दुसऱ्या शास्त्राचं काम दोन प्रकरणांत भरपूर करू द्या, त्या विषयाचा एक परीक्षक सुचवा. माझं हे मत धाडसी लोकांना भित्रं वाटतं. वाटो. विद्याशाखांच्या भिंती पाडायचा प्रयोग पगार आणि नोकरी पक्की असलेल्यांनी स्वतःवर करावा.

आता कुलगुरूंची पाच पेटंटं. आकडा ऐकून हसू नका, कारण आकडा गाठणं सोपं आहे, म्हणूनच धोक्याचं आहे. शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत २०२१ पासून मिळते. तात्पुरता अर्ज टाकला की पूर्ण अर्जासाठी १२ महिने. अर्ज टाकणं म्हणजे पेटंट मिळणं नव्हे, आणि एखाद्या डबीच्या आकाराची डिझाइन नोंदणी म्हणजे तर पेटंटच नव्हे, तरी अहवालात सगळं एका रकान्यात बसवलं जातं. कुलगुरूंशी भांडू नका. त्यांना सांगा, एक अर्ज होईल, चांगला होईल. बाकीच्या चारांऐवजी एक चालू संयंत्र आणि ग्रामपंचायतीचं पत्र देते. नॅकच्या समितीला गावात नेता येईल असं काही असलं तर कोणत्याही कुलगुरूला ते आवडतं.

मात्र एक खबरदारी आजच घ्या. सरांचा पदार्थ खरोखर नवा असेल तर तो परिषदेत पोस्टरवर लागण्याआधी किंवा निबंधात छापला जाण्याआधी अर्ज गेला पाहिजे. आपल्या कायद्यातल्या सवलती अगदी मर्यादित आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. विद्यार्थ्याने उत्साहाने लावलेल्या पोस्टरनेही पेटंटला लागणारं नावीन्य जातं. शोधक म्हणून कुणाची नावं जाणार, हेही त्या दोन पानांत घाला. निबंधातला लेखक आणि पेटंटमधला शोधक एकच असतो असं नाही, आणि विभागप्रमुख या नात्याने कुणी शोधक होत नाही.

स्टार्टअपचं एवढ्यात मनावर घेऊ नका. त्याआधी बाहेरचा गिऱ्हाईक शोधा. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, सितारा म्हणतात त्याला, १९८५ पासूनचं. संगणकशास्त्राचे मिलिंद सोहोनी यांच्यासारखे प्राध्यापक तिथे पाण्याच्या प्रश्नात उतरले. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत या केंद्राच्या गटाने बांधली, कारण राज्य सरकारच्या या प्रकल्पाला ती हवी होती. बाहेर वाट पाहणारं कुणी असलं की आतली भांडणं आपोआप लहान होतात. अहवाल अमुक तारखेला द्यायचा असतो. तुमच्यासाठी ते गिऱ्हाईक भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय असू शकतं, किंवा जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग. निरीक्षण विहिरींच्या नोंदी त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या आहेत. भूगर्भशास्त्राचे तुमचे जुने विद्यार्थी तिथे नोकरीला असतीलच.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. यंत्र घेऊ नका. घेतलंत तर ते कोणत्या विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढणार आणि तीन वर्षांनी देखभाल कराराचे (एएमसी) पैसे कोण भरणार, यावर केंद्राचं उरलेलं आयुष्य जाईल. नमुने तपासायला पैसे मोजून बाहेर द्या, तुमचा किल्लीचा पत्रव्यवहारही त्यातच मिटेल.

बाहेरच्या निधीसाठी अर्ज कराल तेव्हा नकाराची तयारी ठेवा. ऑस्ट्रेलियाच्या संशोधन परिषदेकडे पाच वर्षांत आलेल्या १८,४७६ प्रस्तावांचा अभ्यास २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. प्रस्ताव जितका जास्त आंतरविद्याशाखीय, तितकी निधी मिळण्याची शक्यता कमी, असं त्यात सातत्याने दिसलं. आपल्याकडे वेगळं घडत असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. समितीवर बसलेला प्रत्येकजण आपल्या विषयाचा भाग वाचतो आणि तो त्याला उथळ वाटतो. म्हणून प्रस्तावाचा कणा एकाच शास्त्राचा ठेवा आणि त्या समितीकडे पाठवा. केंद्र सरकारच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या 'पेअर' योजनेत राज्य विद्यापीठांना मोठ्या संस्थेच्या जोडीने उभं राहता येतं. तो रस्ता बघण्यासारखा आहे, फक्त मोठ्या संस्थेबरोबरही ती दोन पानं विसरू नका.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. समन्वयक या पदाला आत्ता कोणतेही दात नाहीत. आठवड्याचे १४ तास शिकवून, क्लार्कशिवाय, चार विभाग चालवणं होणार नाही, आणि ते झालं नाही म्हणून दोष तुमच्यावर येईल. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने आंतरविद्याशाखीय अभ्यासाची एक स्वतंत्र विद्याशाखाच दिली आहे, नवोपक्रम आणि साहचर्याचा एक संचालकही दिला आहे. (त्या विद्याशाखेत प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र अशी इतरत्र न बसलेली मंडळी नांदतात, ही गंमत सोडा.) म्हणजे तुमच्या केंद्राला कायद्यात टेकायला जागा आहे. कुलगुरूंना लेखी मागा: तासिकांत ठरावीक सूट, एक प्रकल्प सहायक, आणि ठरलेल्या रकमेपर्यंत खर्चाच्या सहीचा अधिकार. शिवाय सहभागी शिक्षकांचे केंद्रातले तास त्यांच्या विभागाच्या कार्यभारात धरले जावेत. ही चौथी मागणी विभागप्रमुखांना सर्वांत जास्त झोंबेल आणि नेमकी तीच सोडायची नाही. नुसत्या कुलगुरूंच्या ऑर्डरवर समाधान मानू नका. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची, तुमच्या कुलगुरूंची त्यातली किती उरली ते तुम्हाला ठाऊक; विषय व्यवस्थापन परिषदेत ठरावाने मंजूर करून घ्या.

मागणीपत्र या महिन्यात द्या आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागेपर्यंत वाट बघा. वेळापत्रकात तुमचे १४ तास तसेच दिसले तर समन्वयकपद परत करा, कारण एका ओळीत लिहा, कटुता नको. फ्लोराइडचं काम मात्र सोडू नका. समाजकार्याच्या मॅडमना एक दिवस बरोबर घेऊन नमुन्यांच्या गावांपैकी एकाला जा, सरांना नंतर बोलवा. तीन माणसं आणि दोन पानं एवढ्यावर ते चालू शकतं, त्याला केंद्राची पाटी लागत नाही. आणि फ्रीजमधले नमुने आता फेकून द्या. कसल्या बाटलीत भरले, कधी भरले याची नोंद कुणाकडे नसणार. नवे घ्यायचे, प्लॅस्टिकच्या बाटलीत. काचेशी फ्लोराइडचं जमत नाही, हे तुमचे सर सांगतीलच.